अठ्ठेचाळीस मिनिटांची आवक

‘सामायिक’ हा शब्द आपल्या घरांत इतक्या सहजतेने वापरला जातो की त्याच्या अर्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ‘आजीचे सामायिक चालू आहे, हळू बोला,’ हे वाक्य ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. पूर्वाचार्यांनी या शब्दाची फोड ‘सम’ आणि ‘आय’ अशी केली आहे. सम म्हणजे राग आणि द्वेष यांपैकी कोणत्याही बाजूस न झुकणारी वृत्ती. आय म्हणजे लाभ, प्राप्ती. ज्या क्रियेने समभावाची प्राप्ती होते ते सामायिक. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ती समभावाची आवक होय. आता, मालाची गाडी दारात उभी राहिली एवढ्यावरून कोणताही व्यापारी आवक झाली असे मानीत नाही. माल उतरवून, वजन करून, वहीत नोंद झाली म्हणजेच ती आवक. मग ४८ मिनिटे आसनावर बसून उठल्यानंतर समभाव किती आला, हा प्रश्न आपण स्वतःला का विचारू नये?

हा प्रश्न केवळ धर्मक्रियेच्या शुद्धतेचा नाही. तो आपल्या रोजच्या सुखदुःखाचा आहे. बँकेतील माझ्या नोकरीची बरीच वर्षे बाजारपेठेच्या गावांतील शाखांत गेली. गूळ, हळद, कापड, किराणा, सराफी अशा नाना व्यवसायांतील कुटुंबांचे ताळेबंद नजरेखालून गेले. ताळेबंद वाचता वाचता माणसेही थोडीफार वाचता येऊ लागतात. तेथे एक गोष्ट वारंवार दिसे. खात्यावरील शिल्लक आणि चेहऱ्यावरील शांती यांचा परस्परांशी फारसा संबंध नसे. ज्याची देणी गळ्यापर्यंत आली आहेत असा एखादा गृहस्थ स्वस्थपणे पुढची तारीख मागून जाई; आणि ज्याच्या मुदतठेवींच्या पावत्या एका पाकिटात मावत नसत, तो व्याजदर पाव टक्क्याने उतरल्याचे ऐकून रात्रभर तळमळे. दुःख जर बाहेरच्या घटनेतच साठवलेले असते, तर असे होण्याचे काही कारण नव्हते.

दुःखाचे मुद्दल आणि व्याज

थोडा विचार केला तर प्रत्येक दुःखाचे दोन भाग पडतात. एक त्याचे मुद्दल : पावसात माल भिजला, उधारी बुडाली, गुडघा दुखू लागला, जिवलग माणूस गेले. दुसरे त्याचे व्याज : ‘असे व्हायलाच नको होते’, ‘माझ्याच वाट्याला का’, ‘उद्या काय होणार’, ‘लोक काय म्हणतील’. मुद्दल एकदाच घडते. व्याज मात्र मन रोज आकारते, आणि तेही चक्रवाढीने. बुडालेली रक्कम दोन लाखांची असते. पण तिच्यापायी गेलेली झोप, मुलावर काढलेला राग, जेवणाच्या ताटावरचा अबोला यांची बेरीज कोणी करीत नाही. ती केली तर मुद्दलापेक्षा व्याजच अधिक झालेले आढळेल.

आपल्या कर्मसिद्धांताने हीच गोष्ट फार सूक्ष्मपणे मांडली आहे. पूर्वी बांधलेले वेदनीय कर्म उदयास येते तेव्हा साता किंवा असाता यांचा अनुभव येतो. हा उदय म्हणजे जुन्या कर्जाचा देय झालेला हप्ता होय. तो समभावाने भोगला की निर्जरा होते, म्हणजे कर्ज तेवढ्याने उतरते. पण तो भोगताना राग-द्वेष झाला, तर त्याच क्षणी नवा बंध पडतो. बँकेत एक गैरप्रकार असतो. जुन्या कर्जाचा हप्ता भरता यावा म्हणून त्याच कर्जदारास नवे कर्ज द्यायचे. कागदोपत्री खाते नियमित दिसते. प्रत्यक्षात बोजा वाढत जातो. त्याला ‘एव्हरग्रीनिंग’ म्हणतात. दुःख भोगता भोगता चिडणारे, कुढणारे, दुसऱ्याला दोष देणारे आपले मन हेच करीत असते. हप्ता फेडला जातो खरा, पण नव्या कर्जाच्या कागदावर सही करून.

संवर म्हणजे नवे कर्ज थांबवणे आणि निर्जरा म्हणजे जुने फेडणे. या दोन्ही गोष्टी घडू शकतील अशी जागा एकच आहे, ती म्हणजे हा चालू क्षण. कर्माचा उदय अनुभवास येतो तो वर्तमानात. त्यावर राग करायचा की समभाव ठेवायचा याचा निर्णय होतो तोही वर्तमानातच. काल केलेली सही आज पुसता येत नाही. उद्याची सही आजच अडवता येत नाही. हात धरता येतो तो सही करणाऱ्या या क्षणाचा. वर्तमानाचे भान ही म्हणूनच केवळ मनःशांतीची युक्ती नाही. बंधनातून सुटण्याची ती प्रत्यक्ष जागा आहे.

ध्यान तर आपण सारेच करतो

‘मला ध्यान जमत नाही,’ असे म्हणणारे अनेकजण भेटतात. जैन दर्शनाच्या दृष्टीने हे विधान बरोबर नाही. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात ध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आर्त, रौद्र, धर्म आणि शुक्ल. यांतील पहिली दोन संसार वाढवणारी, तर शेवटची दोन मोक्षाला कारण होणारी. म्हणजे एका विषयावर मन खिळणे एवढ्यानेच ध्यान शुभ ठरत नाही. रात्री दोन वाजता छताकडे पाहत बुडालेल्या उधारीचा हिशेब करणारा मनुष्य एकाग्रच असतो. त्याला हाक मारली तरी ऐकू येत नाही. ध्यान त्याला उत्तम जमते आहे. मात्र ते आर्तध्यान आहे.

या आर्तध्यानाचे पुन्हा चार भेद आहेत, आणि ते वाचताना आपल्याच दिवसाचे रोजमेळ कोणीतरी लिहून ठेवले आहे असे वाटते. पहिला, अनिष्टाचा संयोग : नको ते समोर आले आणि ते कधी टळेल याचाच ध्यास लागला. करखात्याची नोटीस, भागीदाराशी बिघडलेले संबंध, समोरच उघडलेले नवे दुकान, हे सारे या सदरात. दुसरा, इष्टाचा वियोग : हवे ते गेले आणि ते परत मिळावे याची तळमळ उरली. जुने गिऱ्हाईक तुटले, मुलगा परदेशी स्थायिक झाला, जोडीदार निघून गेला. तिसरा, वेदना : शरीराच्या दुखण्याभोवतीच चित्त घुटमळत राहणे. चौथा, निदान : अमुक मिळावे, पुढल्या हंगामात भाव वाढावा, या व्रताचे तमुक फळ पदरी पडावे, अशी भविष्याची मागणी लावून बसणे.

रौद्रध्यानाच्या चार भेदांत हिंसा, असत्य आणि चोरी यांच्या जोडीला विषयसंरक्षण हाही भेद आहे. मिळवलेले कोणी नेईल का, या धास्तीने ते राखण्याच्या क्रूर विचारात बुडून जाणे म्हणजे विषयसंरक्षण. वाटणीच्या वेळी सख्ख्या भावाविषयी मनात काय काय येऊन जाते, हे ज्याचे त्याने आठवावे. चोरीच्या पंगतीत या चिंतेला बसवणाऱ्या आचार्यांनी माणसाचे मन किती खोलवर पाहिले असेल!

हे भेद नीट पाहिले तर ध्यानात येते की मन जवळजवळ नेहमीच जे घडून गेले त्याच्या मागे असते किंवा जे घडायचे आहे त्याच्या पुढे धावते. वेदना तेवढी चालू क्षणातील. पण तीही ‘कालपेक्षा वाढली का’ आणि ‘पुढे काय होणार’ या दोन वाटांनी लगेच भूत-भविष्यात शिरते.

मुकुट शोधणारा हात

या मनोव्यापाराचे सर्वांत प्रभावी चित्र आपल्या परंपरेतील प्रसन्नचंद्र राजर्षींच्या कथेत आहे. पोतनपूरच्या या राजाने बाल पुत्राला गादीवर बसवून दीक्षा घेतली आणि राजगृहीजवळ ते सूर्यासमोर एका पायावर उभे राहून ध्यान करीत होते. भगवान महावीरांच्या दर्शनास निघालेल्या श्रेणिक राजाच्या सैन्यातील दोघेजण त्यांच्याजवळून गेले. एकाने त्यांच्या तपाची प्रशंसा केली. दुसरा म्हणाला, कसले तप. लहानग्या मुलावर राज्य टाकून हा निघून आला, आता मंत्री कट करून त्या मुलाचे राज्य बळकावणार. एवढे शब्द कानी पडताच राजर्षींचे मन तेथून निघाले आणि रणभूमीवर पोचले. शरीर एका पायावर निश्चल. मन मात्र शस्त्रांमागून शस्त्रे फेकीत होते.

त्याच सुमारास श्रेणिकाने भगवंतांना विचारले की हे मुनी आता कालवश झाले तर कोठे जातील. उत्तर आले, सातव्या नरकात. श्रेणिक चकित झाला. इकडे मनातल्या युद्धात सारी शस्त्रे संपली तेव्हा डोक्यावरचा मुकुटच शत्रूवर फेकावा म्हणून राजर्षींनी हात वर नेला. हाताला लागले ते लोच केलेले मस्तक. त्या स्पर्शासरशी ते जागे झाले. आपण कोण, कोठे उभे आहोत, हे भान परत आले. पश्चात्तापाची धारा लागली आणि परिणाम चढत गेले. श्रेणिकाने पुन्हा विचारले तेव्हा उत्तर बदलले होते, सर्वार्थसिद्ध विमान. आणि थोड्याच वेळात केवलज्ञानाचा उत्सव करणाऱ्या देवांच्या दुंदुभी ऐकू आल्या.

या कथेत बाहेर काहीच बदलले नाही. तीच जागा, तोच सूर्य, तेच एका पायावरचे शरीर. मंत्र्यांच्या कटाचे काय झाले याचा उल्लेख करण्याचीही कथेला गरज वाटली नाही. नरक आणि मोक्ष यांमधील अंतर किती, तर मनात रचलेल्या मुकुटापासून प्रत्यक्ष मस्तकापर्यंत हाताने कापलेले. दुकान मुलाच्या हाती सोपवूनही गल्ल्याकडे कान लावून बसणाऱ्या प्रत्येक पित्याने ही कथा वर्षातून एकदा तरी वाचावी. आणि एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी : राजर्षींना जागे केले ते उपदेशाने नव्हे, शरीराच्या एका साध्या स्पर्शाने. मन भटकते, पण शरीर नेहमी वर्तमानातच असते. म्हणूनच ध्यानाच्या वाटा शरीर आणि श्वास यांच्यापासून सुरू होतात.

समय, श्वास आणि स्मृती

वर्तमानाचे भान ही कल्पना आज परदेशातून आल्यासारखी वाटते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली दीर्घकालीन दुखण्यांच्या रुग्णांसाठी ध्यानाधारित अभ्यासक्रम सुरू केला. तेव्हापासून ‘माइंडफुलनेस’ हा शब्द रुग्णालयांत आणि कंपन्यांच्या सभागृहांत रुळला. तो उपक्रम मोलाचाच आहे. पण आपल्या घरातील पेटीत काय ठेवलेले आहे, हेही आपल्याला ठाऊक असावे.

काळाच्या अविभाज्य, सर्वांत लहान अंशाला जैन दर्शन ‘समय’ म्हणते. उत्तराध्ययनसूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीर गौतमांना पुनःपुन्हा बजावतात की एक समयमात्रही प्रमाद करू नकोस. गौतमांसारख्या गणधरांना जर ही सूचना पुनःपुन्हा द्यावी लागली, तर आपल्यासारख्यांना ती किती वेळा द्यावी लागेल?

आपले कायोत्सर्गही श्वासावर मोजलेले आहेत. दिगंबर परंपरेत नऊ वेळा णमोकार मंत्राचा जप सत्तावीस श्वासोच्छ्वासांत करण्याचा परिपाठ आहे; श्वेतांबर परंपरेत लोगस्सचा कायोत्सर्ग पंचवीस श्वासोच्छ्वासांचा मानला जातो. पूर्वजांनी मंत्राची गाठ श्वासाशी बांधली होती. आपण घाईत मंत्र तेवढा ठेवला आणि श्वास सोडून दिला. आचार्य तुलसींच्या सान्निध्यात आचार्य महाप्रज्ञजींनी १९७५ साली जयपूर येथे ज्या पद्धतीला ‘प्रेक्षाध्यान’ हे नाव दिले, तिने ही विसरलेली गाठ पुन्हा दाखवून दिली. प्रेक्षा म्हणजे खोलवर पाहणे. कायोत्सर्ग, श्वासप्रेक्षा, शरीरप्रेक्षा अशा तिच्या पायऱ्या आहेत. आणि त्यांचे सूत्र एकच, जे आहे ते आवड-नावड न मिसळता पाहणे.

आणखी एक बारकावा. सामायिक व्रताच्या पाच अतिचारांत ‘स्मृत्यनुपस्थान’ हा अतिचार सांगितला आहे. स्मृती उपस्थित नसणे, म्हणजे आपण सामायिकात आहोत याचेच भान हरपणे. भान हरपणे हा नुसता कमकुवतपणा नसून व्रताला लागणारा दोष आहे, इतके महत्त्व आपल्या आचार्यांनी जागृतीला दिले आहे.

एक हिशेबनीस आणि एक व्यापारी

ध्यान हे संसार सोडलेल्यांचे काम, अशी समजूत व्यापारी वर्गात खोल रुजलेली आहे. ती तपासून पाहण्यासाठी शेजारच्या परंपरेतील एक उदाहरण उपयोगी पडते. विपश्यनेचा मार्ग बौद्ध परंपरेतला. त्याची तात्त्विक भूमिका आपल्याहून भिन्न आहे. पण तो ज्या दोन माणसांमुळे आधुनिक काळात भारतात परतला, ती दोघेही आपल्या ओळखीच्या जगातील होती. सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल, म्हणजे देशाचे हिशेब तपासणारे अधिकारी. कार्यालयीन जबाबदारी सांभाळूनच ते ध्यान शिकवीत. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका हे मंडाले येथे १९२४ साली जन्मलेले मारवाडी व्यापारी. तीव्र अर्धशिशीने ते हैराण होते आणि उपचारांनी गुण येत नव्हता. १९५५ साली ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले. केवळ डोकेदुखी घालवण्यासाठी येत असाल तर या विद्येचे मोल कमी होईल, मन निर्मळ करण्यासाठी या, अशी अट गुरूंनी घातली, असे गोएंकाजी पुढे सांगत. १९६९ साली ते भारतात आले आणि १९७६ साली इगतपुरीच्या केंद्राची उभारणी सुरू झाली.

गुरूंची ती अट आपल्याला परकी वाटू नये. सामायिकाचे बत्तीस दोष सांगितले आहेत : मनाचे दहा, वचनाचे दहा आणि कायेचे बारा. मनाच्या दहा दोषांत यश-कीर्तीची इच्छा, गर्व, भय, निदान यांच्याबरोबर ‘लाभार्थ’ हा दोष आहे. धंद्यात बरकत यावी म्हणून केलेले सामायिक दोषयुक्त होय! व्यापाऱ्याला लाभाची भाषा शिकवावी लागत नाही; म्हणूनच हा दोष आपल्यासाठी मुद्दाम लिहिला आहे असे समजावे. सामायिकाने लाभ होत नाही असे नव्हे. मात्र लाभाकडे डोळा ठेवून बसले की मन भविष्यात जाते, आणि भविष्यात गेलेल्या मनाला समभावाचा लाभ कसा व्हावा?

पुणिया श्रावकाची कथा याच ठिकाणी अर्थपूर्ण ठरते. कापसाच्या पुण्या करून उदरनिर्वाह करणाऱ्या या गरीब श्रावकाच्या एका सामायिकाचे फळ श्रेणिक राजाने विकत मागितले. किंमत विचारता उत्तर मिळाले की तुझी सारी संपत्ती दिलीस तरी ती दलालीलाही पुरणार नाही. त्याच पुणियाची दुसरी कथा अधिक बोलकी आहे. एके दिवशी सामायिकात त्याचे चित्त स्थिर होईना. त्याने पत्नीला विचारले, आज घरात अणहक्काचे काही आले आहे का? शोध घेता, न विचारता उचललेल्या गोवऱ्या चुलीला लागल्याचे आढळले. दुकानातील व्यवहार आणि आसनावरील मन ही दोन वेगळी खाती नाहीत. दिवसभर खोट्या वजनमापात गुंतलेले मन ४८ मिनिटांसाठी शांत हो म्हटल्याने शांत होत नाही.

आसनावर बसल्यानंतर

आता प्रत्यक्ष कृतीचा विचार करू. आपापल्या संप्रदायाचा विधी, पाठ आणि गुरूंची आज्ञा यांत कोणताही बदल न करता पुढील गोष्टी करता येतात.

पहिली गोष्ट वेळेची. ४८ मिनिटे म्हणजे एक मुहूर्त, दोन घटिका. अहोरात्राचा बरोबर तिसावा भाग. दुकान उघडण्यापूर्वीची वेळ सर्वांत चांगली. मोबाइल केवळ मुका करून जवळ ठेवू नये. तो दुसऱ्या खोलीत असावा. घड्याळ वारंवार पाहावे लागू नये म्हणून वाळूची घडी ठेवण्याची आपली जुनी रीत उत्तम होती.

दुसरी, शरीराची. सूत्रपाठ झाल्यावर काही मिनिटे पायाच्या अंगठ्यापासून मस्तकापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यावे आणि तो सैल सोडावा. कोठे दुखत असेल तर ‘येथे दुखत आहे’ एवढेच जाणावे. त्या दुखण्याची कथा रचू नये.

तिसरी, श्वासाची. श्वास आत येताना तो येत आहे हे जाणावे, बाहेर जाताना जात आहे हे जाणावे. तो मुद्दाम लांबवू नये. जप करायचा असल्यास मंत्राचे पद श्वासाच्या गतीला जोडावे.

चौथी, आणि सर्वांत उपयोगी, भटकणाऱ्या मनाची. मन जाईलच. उत्तम संहनन असलेल्या साधकाचे चित्तही एका विषयावर अंतर्मुहूर्तापेक्षा अधिक काळ टिकत नाही, असे तत्त्वार्थसूत्र सांगते. तेव्हा आपले मन मिनिटभरात निसटले तर खिन्न होण्याचे कारण नाही. मन गेल्याचे ध्यानात येताच त्याला योग्य सदराखाली नोंदवावे : हा अनिष्टसंयोग, हा इष्टवियोग, ही वेदना, हे निदान. रोजमेळ लिहिणाऱ्या माणसाला हे कठीण नाही. नोंद केली की विचाराशी झगडू नये. पुन्हा श्वासावर यावे. विचाराला नाव देता येणे म्हणजेच आपण त्या विचाराहून वेगळे आहोत हे जाणणे. शंभरदा मन गेले आणि शंभरदा परत आणले, तर सामायिक बिघडले असे नाही. शंभरदा अभ्यास घडला. सामायिकाची गणना शिक्षाव्रतांत होते, आणि शिक्षा म्हणजे पुनःपुन्हा करून शिकणे.

शेवटची गोष्ट हिशेबाची. उठण्यापूर्वी एक मिनिट स्वतःला विचारावे, मन कोणत्या सदरात सर्वाधिक वेळ गेले? महिनाभरात आपल्या दुःखाचा मुख्य पुरवठादार कोण आहे, ते स्पष्ट दिसू लागते.

समभाव म्हणजे हात बांधून बसणे नव्हे

येथे एक रास्त शंका येते. सगळे समभावाने पाहायचे, तर बुडालेली उधारी वसूल कोणी करायची? याचे उत्तर बँकेच्या कामकाजात मिळते. कर्जाची देय रक्कम ९० दिवसांहून अधिक काळ थकली की ते खाते अनुत्पादक ठरते आणि बँक त्यासाठी आपल्या नफ्यातून तरतूद करते. तरतूद केली म्हणजे वसुली सोडली असे नव्हे. नुकसान होऊ शकते हे सत्य बँकेने आपल्या वहीत मान्य केले एवढेच. वसुलीचे काम त्यानंतरही नेटाने चालू राहते, आणि तेही अधिक थंड डोक्याने. समभाव ही मनाने केलेली तरतूद आहे.

माझ्या परिचयातील एका कापड व्यापाऱ्याची मोठी रक्कम परगावच्या गिऱ्हाइकाकडे अडकली आणि ते दुकानच बंद पडले. या गृहस्थांनी सकाळच्या सामायिकानंतर त्या गिऱ्हाइकाला एक फोन करायचा, शांतपणे बोलायचे आणि नंतर दिवसभर त्या विषयाला हात लावायचा नाही, असा नियम केला. दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने सुमारे तिसरा हिस्सा परत आला. उरलेली रक्कम गेली ती गेलीच. पण त्या दोन वर्षांत घरात त्या पैशावरून एकदाही आवाज चढला नाही, असे त्यांच्या सूनबाईंनी मला आवर्जून सांगितले. मुद्दल बुडाले, व्याज त्यांनी भरले नाही.

ध्यानाच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. ध्यान हे औषधाला पर्याय नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्नावरची वासना उडाली आहे, जगणे नकोसे वाटते आहे, अशी अवस्था असेल तर वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. त्यात धर्मश्रद्धेला कमीपणा नाही. घरातील कोणाला असे होत असेल तर ‘सामायिक वाढवा’ एवढेच सांगून मोकळे होऊ नये.

शिवाय ध्यानाने वियोगाचे मुद्दल चुकत नाही. माझ्या पत्नीच्या अखेरच्या आजारात हे मी जवळून पाहिले. डॉक्टरांनी काही महिन्यांची मुदत सांगितली होती. ती अंथरुणावर पडूनच सामायिक करी. एका संध्याकाळी मी गप्प बसलेला पाहून ती म्हणाली, “अहो, डॉक्टरांनी सांगितलेला दिवस अजून यायचा आहे. आज तर मी तुमच्याशी बोलते आहे ना?” त्यानंतरचे आमचे पुष्कळ दिवस साध्या बोलण्यात गेले, नातवाची शाळा, जुनी बदलीची गावे, लोणच्याचे प्रमाण. ती गेल्याचे दुःख आजही आहे. पण ते महिने आम्ही दोघांनी तिच्या मृत्यूसोबत घालवले नाहीत, एकमेकांसोबत घालवले, हे समाधानही त्या दुःखाइतकेच खरे आहे.

दुःखातून मुक्ती या शब्दाचा पूर्ण अर्थ केवळज्ञानी जाणोत. आपल्यासारख्या गृहस्थांच्या आवाक्यात असलेला अर्थ एवढाच की उदयास आलेला हप्ता नवे कर्ज न काढता फेडावा. त्यासाठी जंगलात जावे लागत नाही, दुकान विकावे लागत नाही. दिवसाच्या तीस मुहूर्तांपैकी एक मुहूर्त प्रामाणिकपणे आपला करावा लागतो. उरलेल्या एकोणतीस मुहूर्तांत, गल्ल्यावर, प्रवासात, भावाशी हिशेब करताना, सुनेशी बोलताना, राग उसळून येईल त्या क्षणी एक श्वास जाणीवपूर्वक घेता आला, तर सकाळची आवक खरी होती असे समजावे. उद्या सकाळी आसनावर बसाल तेव्हा पहिली नोंद त्याच श्वासाची करा.